पट्टीखालचा उजेड

तुर्भ्याच्या बंद शीतगृहामागं, रविवारी,
ट्रक नसलेल्या डांबरावर
अग्निशमनाचे जुने पाइप अंथरून आम्ही वळणं काढतो.
मसाला मार्केटकडून वारा फिरला
की रिमोट धरलेले सहाही जण शिंकतात
आणि सहाही गाड्या एकदम भिंतीला.

ऋजुता चालवते. मी लावून देतो.
माझ्या बोटाला आता कंप आहे,
तिच्या बोटाला अजून काहीच माहीत नाही.

ती म्हणते, काका, डावीकडे हिचं मन नाही.
मी लिहितो: डाव्या वळणात पुढून ढकलते.
ती म्हणते, शेपूट हलवतेय, लाडात आल्यासारखी.
मी लिहितो: मागची पकड कमी.
ती म्हणते, आत्ता जरा बरं वाटलं तिला.
यासाठी माझ्याकडे आकडा नाही.
वेळ लिहितो. चौदा पूर्णांक सहा.

एका वेळी एकच बदल, हा नियम.
शॉकमधलं साडेतीनशेचं तेल काढून चारशेचं.
पुढची स्प्रिंग एक नंबर मऊ.
कॅम्बर दीड अंशावरून दोनवर:
चाकं वरून आत झुकलेली,
न आवडत्या नातेवाइकाला नमस्कार करावा
तितकीच.
टायरना औषध लावून, गरम पट्टीत गुंडाळून
बाळंतिणीसारखं शेकत ठेवायचं.
अर्धा मिलिमीटर उंची. पाऊण. पुन्हा अर्धा.

सहा रविवार, वहीची तेरा पानं.
उजवीकडे गाडी सुरीसारखी.
डावीकडे तीच गाडी
रेशनच्या रांगेतल्या माणसासारखी,
वळून बघायला तयार नाही, जागा जाईल म्हणून.

मग घणसोलीला, रात्री,
डिफमधली एक गोळी निसटून सेटअपच्या फळीवर पडली,
सरळ न जाता वळली
आणि मधेच थांबली.
उचलली, दुसऱ्या टोकाहून सोडली. तिथंच.
तिसऱ्यांदा सोडायची हिंमत होईना.

फळी म्हणजे जुन्या कॉम्प्युटर टेबलाचा माथा, सनमायका लावलेला.
आणि मी एकतीस वर्षं रबाळ्याला मोजमाप खात्यात.
तिथल्या ग्रॅनाइटवर चहाचा कप ठेवला म्हणून
एका शिकाऊ इंजिनिअरला मी रडवलं होतं.
त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला.
पोलादी पट्टी तिरपी ठेवली, मागं टॉर्च धरला.
पट्टीखालून उजेड आला.
खाडीच्या दमट हवेनं कोपरा फुगवला होता,
दोन पोस्टकार्डं सरकतील एवढा.

तेरा पानं चुकीची नव्हती.
त्या फळीपुरती अगदी बरोबर होती.

कोपरखैरण्याच्या फरशीवाल्यानं
कुणाच्या तरी ओट्यातून उरलेला काळा तुकडा दिला,
दोनशे रुपये, कशाला हवाय ते ऐकून हसला, ते फुकट.
त्याच्यावर गाडी नव्यानं लावली.
चारी चाकं. पहाटेचे तीन.
ऋजुताला काही बोललो नाही.

पहिल्या हीटला ती तीन दशांशानं हळू.
दुसऱ्या हीटला पाइपावर चढली, उलटली,
चाकं फिरत राहिली.
रिमोट माझ्या हातात देत म्हणाली,
काय केलंस तिला?
आता ती दोन्हीकडे सारखीच वागते.

मग सांगितलं. फळी, गोळी, उजेड, सगळं.
वाटलं होतं हसेल.
ती डाव्या वळणाकडे बघत राहिली.
म्हणजे तिथं मी आधीच वळत होते, म्हणाली,
सहा आठवडे,
तुझ्या त्या कोपऱ्याइतकी.

वही तिनंच मागून घेतली.
चौदावं पान. वर मी लिहिलेलं: नवा दगड.
स्प्रिंग तीच, तेल तेच, उंची तीच.
'बदल' या रकान्यात
तिनं स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट,
शाळेच्या वहीवर लिहितात तसं.

वेळेचा रकाना रिकामा होता.
मी टायर शेकायला लावले.